वाघिणीची तारीख

सकाळी ६

पावसाळ्यात पडवीतला उजेड कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मोजमाप सगळ्यात आधी. चहाचा कप कागदापासून हातभर लांब. समोर बार्शी लाइट रेल्वेच्या उंच कठड्याच्या वाघिणीचा, म्हणजे मालाच्या डब्याचा, फोटो आहे. बरोबर बाजूने काढलेला. पुढे इंजिन नाही, टोपीवाला साहेब नाही, नुसती वाघीण. असा फोटो हाती लागणं म्हणजे लॉटरीच. रेल्वेचे जुने फोटो ढिगाने सापडतात, पण त्यात कॅमेरा रोखलेला असतो इंजिनावर. वाघिणी मागे कुठेतरी, अर्ध्या वाफेत बुडालेल्या.

हा फोटो निघाला, कारण वाघीणच दाखवायची होती. जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरला बार्शीची कापसा-धान्याची पेठ अडीच फुटी रुळांवरून मेन लाईनला जोडायची होती. एवढ्याशा रुळांवरून माल काय वाहणार, असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायला त्याने इंजिन आणि डबे आधी विलायतेतच, लीड्सजवळ न्यूले इथे, १८९६ साली चालवून दाखवले. पुढच्याच वर्षी बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. १८९६ हे साल आमच्या नाते गावात वेगळ्या कारणाने पाठ असतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख त्या वर्षी १४ जानेवारीला इथे जन्मले.

फोटोवरून माप काढायची माझी एक युक्ती आहे. कॅलथ्रॉपने मालाच्या सगळ्या डब्यांना एकच सांगाडा ठरवला होता, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. मग महाडच्या झेरॉक्सवाल्याकडून फोटो असा मोठा करून घ्यायचा, की सांगाडा बरोबर २५ सेंटिमीटर भरेल. आता एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट. दुकानदार दर वेळी विचारतो, “ए-फोर करू की ए-थ्री?” आणि मी दर वेळी म्हणतो, “पट्टी लावून करा.”

तरी फसगत होऊ शकते. कॅमेरा जरा तिरका असला, तर लांबचं टोक आखूड दिसतं. म्हणून दोन्ही टोकांची चाकं डिव्हायडरने मोजायची. सारखी भरली तर ठीक, नाहीतर मधल्या प्रत्येक मापाला थोडी थोडी दुरुस्ती. आज सारखी भरली. पाचाडहून महाडला जाणारी एसटी गेली, आई अंगणातून “अंघोळ कधी करणार आहेस?” म्हणून गेली, आणि माझं दाराच्या बिजागरीपर्यंतचं माप उतरून झालं.

सकाळी ९

आता भागाकार. मी मॉडेलं १:८७ या प्रमाणात करतो, ज्याला जगभर एचओ म्हणतात. २५ फूट म्हणजे ७६२० मिलिमीटर, त्याचे होतात ८७.६. सात फुटांचे साडेचोवीस. बोटभर लांबीची वाघीण.

भारतीय ब्रॉडगेज या प्रमाणात करणाऱ्यांची मला कीव येते. आपला गेज १६७६ मिलिमीटर, ८७ ने भागला तर सव्वाएकोणीस. बाजारात मिळणारा एचओचा रूळ साडेसोळाचा, कारण तो विलायती-अमेरिकी गेजसाठी बनतो. त्यावर आपली बॉक्सएन वाघीण ठेवली, की वर धिप्पाड अंग आणि खाली पाय जवळ घेऊन उभी. जाणकाराला ते लगेच खुपतं. बार्शीचा गेज ७६२ मिलिमीटर, म्हणजे पावणेनऊच्या आसपास, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. माझ्या बार्शीप्रेमामागे हे व्यवहारी कारण आहे, भावनेचा भाग नंतर आला.

सांगाडा हा या वाघिणीचा खरा दागिना. त्या काळी सांगाडे लोखंडी पट्ट्या आणि कोन रिव्हेटांनी जोडून करत. बार्शीचे डबे बनवणाऱ्या लीड्स फोर्ज कंपनीची पद्धत निराळी होती. तिथे पोलादाचा जाड पत्रा तापवून दाबयंत्रात एका दाबात वळवत. सांगाडा हलका आणि मजबूत. हलका कशासाठी, तर कॅलथ्रॉपने एका ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असं ठरवलं होतं. चार ॲक्सल म्हणजे भरलेल्या डब्याला वीस टनांची मर्यादा. डब्याचं स्वतःचं वजन जितकं कमी, तितकी कापसाची गाठ जास्त.

मॉडेलवाल्याला यातून दोन गोष्टी कळतात. रिव्हेट कमी, आणि कोपरे गोल. मी पूर्वी पाहिलेल्या एका मॉडेलवर सांगाडाभर रिव्हेटांची रांग होती. हात सुरेख होता, वाघीण मात्र दुसऱ्याच रेल्वेची झाली होती. दाबून वळवलेल्या पत्र्याला धारदार कोपरा येत नाही, म्हणून मी पितळी पत्रा पकडीत धरून काटकोनात मोडत नाही, एक मिलिमीटरच्या तारेवरून बोटाने वळवतो. जिथे रिव्हेट खरंच आहेत, तिथे इंचभर डोक्याचा रिव्हेट १:८७ मध्ये ०.३ मिलिमीटर होतो. बोथट सुईने पत्र्याच्या मागून टोचायचा. जोर जास्त झाला तर भोक, कमी झाला तर रंगाखाली गडप. सुईच्या मुठीवर मी एक छोटं वजन ठरावीक उंचीवरून पाडतो, म्हणजे प्रत्येक टोचा सारखा बसतो. बाराव्या-पंधराव्यानंतर हात आपोआप चालतो आणि कान चुकीचा ठोका ओळखायला लागतात.

सकाळी ११.३०

कुर्डुवाडीला फोन. तिकडच्या नॅरोगेज वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना या वेळी फोन केलेला चालतो, कारण तोवर पेपर वाचून झालेला असतो.

“काका, रंग नेमका कसला होता हो?”

“लाल की.”

“लाल म्हणजे रेड ऑक्साइड?”

“आता डबा लावला तवा रेड ऑक्साइड. दोन उन्हाळं गेलं की विटंवानी. धान्याच्या पोत्यांचा फुफाटा बसला की मातीवानी. तुला कुठला पायजे?”

मी म्हणालो, “तुम्ही बघितलेला.” ते हसले. “वाघिणीला कोण बघतंय बाबा? आम्ही बेअरिंग बघायचो.”

फोन ठेवल्यावर वहीत तिन्ही रंग लिहिले. असल्या माणसाकडून नेमका आकडा मिळत नाही, पण चित्रात कुठेच नसलेला फुफाटा मिळतो. अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांचं याबाबत बरं आहे. तिथे मालाच्या डब्यांची ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’ नावाची जाडजूड यादी पिढ्यान्‌पिढ्या निघत आली. कुठल्या कंपनीकडे कोणत्या नंबरांचे कसले डबे आणि त्यांची आतली मापं काय, ते बसल्या जागी कळतं. त्या जोरावर तिथले लोक नुसत्या मालडब्यांवर ग्रंथ लिहितात. आपल्याकडे इंजिनांच्या याद्या आहेत, वाघिणींच्या कहाण्या तोंडी.

दुपारी १

तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. लाइट गेली.

दुपारी २.३०

ज्यांच्यासाठी या वाघिणी चालल्यात, ते पुण्याचे गृहस्थ. आषाढीच्या आधी पंढरपूर स्टेशनात उभी मालगाडी त्यांना हवी आहे. त्यांच्याशी बोलणं नेहमी एकाच जागी अडतं.

“साल कुठलं धरू?”

“असं ठरावीक नको हो. साधारण जुनी.”

साधारण जुनी अशी वाघीण नसते. वाघीण आज शंभर वर्षांची असली, तरी तिच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट एकेका तारखेची असते, आणि त्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. मी त्यांना समजावलं. गाडी पंढरपूरला १९०६ साली पोचली, म्हणजे त्याच्या आधीचं साल बादच. १९२७ मध्ये लाईन मिरजेपर्यंत गेली, तेव्हा मिरजेकडचा माल दाखवायचा असेल तर त्यानंतर या. १ जानेवारी १९५४ ला सरकारने लाईन विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली, म्हणजे कंपनीचं नाव डब्यावरून जायला लागलं. (त्या वेळी दिल्लीत अर्थमंत्री आमच्याच गावचे देशमुख होते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, विचारलं नसलं तरी.) आणि १९५८ पासून देशात मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली. म्हणजे डब्याच्या कोपऱ्यात रिकाम्या वजनाचा आकडा टन-हंड्रेडवेटात लिहायचा की टन-किलोत, हेसुद्धा सालावर ठरतं. मध्य रेल्वेचं नाव आणि जुनं माप एकत्र शोभतील असा काळ फार तर चार-पाच वर्षांचा.

“मग तोच घ्या,” ते म्हणाले. “छप्पन धरा.” मग लगेच, “आणि हो, वारकरी डब्यात बसलेले दाखवता येतील का?”

येतील, पण मग साल मागे न्यावं लागेल. यात्रेच्या गर्दीत माणसांना मालाच्या डब्यांत कोंबून नेणं हा इंग्रजी अमदानीतला नेहमीचा प्रकार, त्यावर तेव्हाच्या कौन्सिलांतून आणि वर्तमानपत्रांतून तक्रारी झाल्या. छप्पन साली तसंच दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नाही. फोटो नसेल तर मी दाखवत नाही. ते जरा नाराज झाले. शेवटी माणसं फलाटावर बसवायचं ठरलं.

दुपारी ४.१५

पाऊस थोडा उघडला तसा बाइक काढून महाडवरून वीर स्टेशन. कोकण रेल्वेवर मी बार्शीसाठी काय शोधतो, असं लोक विचारतात. मळ शोधतो. गंज कुठून सुरू होतो, पाणी कुठल्या खाचेतून ओघळतं, कठड्याच्या आतल्या बाजूला धूळ कुठे साचते, हे जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत दिसत नाही. पत्रा शंभर वर्षांपूर्वीही असाच गंजत असणार. दाराच्या बिजागरीखाली गंजाची जीभ लोंबते, ती रुंद सुरू होऊन निमुळती होत जाते. नवशिका रंगारी ती उलटी काढतो.

रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला, अख्खी कोकण रेल्वे १९९८ मध्ये. आज आधी ट्रक घेऊन जाणारी रोरो गेली. २६ जानेवारी १९९९ पासून ही चालते आहे, कोलाडहून गोव्यात वेर्ण्यापर्यंत. सपाट वाघिणींवर ओळीने ट्रक, एका केबिनमध्ये ड्रायव्हर पाय पसरून झोपलेला. मग उघड्या वाघिणींचा लांबलचक रेक. रस्त्याच्या कडेने मोबाइलवर जमेल तेवढं टिपलं.

एका फोटोत नंबर आला, पण एक आकडा चिखलाने पुसट. इंग्रजी तीन की आठ, कळेना. आजचे नंबर अकरा आकड्यांचे असतात. पहिले दोन प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बनवल्याचं साल, मग चार आकड्यांचा अनुक्रम, आणि शेवटचा आकडा पडताळ्याचा. माझ्याकडे होतं २२ ०३ १२ ४_७१ ८. सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करायची, त्यात विषम जागांवरच्या आकड्यांची बेरीज मिळवायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जे कमी पडेल तो शेवटचा आकडा. मधे तीन धरला तर बेरीज ४७, शेवटी यायला हवा तीन. आठ धरला तर ६२, शेवटी आठ. म्हणजे आठच. टपरीवर बसून, चहाच्या बिलामागे हे गणित मांडलं. जुन्या वाघिणींना असला पडताळा नव्हता, तिथे पुसट आकडा तसाच पुसट ठेवावा लागतो.

संध्याकाळी ७.३०

रंग मारायचा बेत रद्द. हवेत इतका ओलावा असला की फवारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येते. भट्टी म्हणून एक लाकडी खोका आणि आत साठ वॉटचा दिवा असं केलंय, पण लाइट अजून यायची आहे. कानशीने दरवाज्यांच्या कडा पातळ केल्या. खरा पत्रा सहा मिलिमीटरचा धरला, तरी १:८७ मध्ये तो ०.०७ येतो, वहीच्या कागदाहून पातळ. तेवढा पातळ पत्रा वाकतो. म्हणून ०.२ चा घ्यायचा आणि डोळ्याला दिसते तेवढी कडच घासायची.

रात्री ९.३०

लाइट आली. अक्षरं बसवायची तयारी. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, आणि वाघिणीवर तर पांढरी अक्षरं. मग पांढऱ्या डिकल कागदावर तांबडी पार्श्वभूमी छापायची आणि अक्षरं कोरी सोडायची. पार्श्वभूमीचा तांबडा आणि पत्र्यावरचा तांबडा जुळवण्यात तासभर गेला. काकांच्या ‘विटंवानी’पर्यंत पोचायला त्यात पिवळा मिसळावा लागला.

उरलं काय, तर तारखा. वाघीण वर्कशॉपातून दुरुस्त होऊन निघाली, की शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि परत कधी आणायची, ते तिच्या अंगावर रंगवतात. एका मालगाडीतल्या चार वाघिणी एकाच दिवशी वर्कशॉपातून निघालेल्या नसतात, त्यामुळे चौघींना चार वेगळे महिने. गाडी जून-जुलै १९५६ ची. पहिल्या तिघींना परतीचे दिवस पुढचे दिले. चौथीचा मे महिन्यातच उलटून गेलेला ठेवला. ती भरलेली आहे, वर ताडपत्री आहे, आणि पंढरपुरात यात्रा तोंडावर असताना तिला वर्कशॉपला धाडायला कोणाला सवड असणार?