मधुचंद्र परदेशी, हिशेब बोरी अरबचा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वाडवडील सांगत आले. लग्नाच्या खर्चात मात्र हे शहाणपण फार थोड्यांना आठवते. मंडप, दावत, कपडे, दागिने यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक बाब आली आहे, ती म्हणजे परदेशातील मधुचंद्र. पूर्वी ही चैन मुंबई-पुण्याच्या मोठ्या घरांपुरती होती. आता तिच्या जाहिराती मोबाईलवरून दारव्हा तालुक्यातील बोरी अरबपर्यंत पोहोचल्या आहेत. नव्या जोडप्याने चार दिवस बाहेर जावे, जग पाहावे, यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच की पैसा कोठून आणायचा आणि तो कोठे, कसा खर्च करायचा. व्यापाराच्या पानावर आम्ही हा विषय घेतला तो यासाठीच.

बोरी अरबच्या एका तरुण दुकानदाराची हकीकत येथे सांगतो. मोटारपंप आणि फवारणी पंपांचे सुटे भाग विकणे व दुरुस्ती करणे हा त्याचा धंदा. निकाह ईदनंतर ठरलेला. एके संध्याकाळी तो एक रंगीत कागद घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "चाचा, थायलंड पाच रात्री, दोघांचे एक लाख दहा हजार. पंचवीस हजार आता, बाकी बिनव्याजी हप्त्यांनी. भरून टाकू का?"

आम्ही विचारले, "हातात किती आहेत?"

"साठ हजार. भिशीचे चाळीस आणि लग्नखर्चातून वाचवलेले वीस."

"आणि दुकानात?"

तो गप्प झाला. खरिपाचा माल भरायला ठेवलेली रक्कम गल्ल्यात होती आणि हप्ते तिच्यातूनच जाणार होते, हे न बोलता कळले.

कागदावर नसलेला खर्च

त्या कागदाची पाठ आम्ही त्याला वाचायला लावली. बारीक अक्षरात लिहिले होते की भाव मुंबई विमानतळापासूनचा आहे. म्हणजे बोरी अरब ते मुंबई आणि परत हा खर्च वेगळा. दुपारचे जेवण, प्रवासविमा, टिप, ऐच्छिक सहली हेही वेगळे. त्यावर परदेशी सहलीवरचा टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा आयकर. तो ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला आणि त्याचे दर त्यानंतर अनेकदा बदलले. ही रक्कम बुडत नाही. आयकराचे विवरण भरल्यावर ती करात वळती होते किंवा परत मिळते. त्यासाठी पावती आणि पॅन क्रमांकाची नोंद मात्र हवी. आमच्या दुकानदाराला हे कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही बेरीज केली तेव्हा एक लाख दहा हजारांची सहल दीड लाखाच्या घरात जात होती.

आता "बिनव्याजी हप्त्या"विषयी. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही; अशा योजनांत व्याज दुसऱ्या नावाखाली दडवलेले असते. कधी ते प्रक्रिया शुल्कात असते, कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या कुटुंबाने तर "बिनव्याजी" या शब्दावर भुलून सही करूच नये. रोखीचा भाव काय आणि हप्त्यांची एकूण बेरीज काय, हे दोन आकडे लेखी मागावेत. फरक आपोआप दिसतो.

आधी रक्कम, मग देश

आमचे सांगणे साधे होते. देश ठरवून पैसा गोळा करू नये. पैसा मोजून देश ठरवावा. आणि तो पैसा दुकानाच्या भांडवलाचा नसावा. गावातील धंदा उधारीवर चालतो. शेतकरी जूनमध्ये माल नेतो आणि सोयाबीन-कापूस विकल्यावर पैसे देतो. मधले चार महिने दुकानदार स्वतःच्या भांडवलावर तग धरतो. त्या भांडवलाला मधुचंद्रासाठी हात लावला तर हंगामात माल भरता येत नाही आणि बांधलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते.

साठ हजारांत दोघांसाठी कोणते परदेश बसतात, ते आम्ही पाहिले. भूतानमध्ये भारतीयांना व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. पण सप्टेंबर २०२२ पासून प्रत्येकी प्रत्येक रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते. चार रात्रींचे दोघांचे ९,६०० रुपये राहण्या-खाण्याआधीच गेले. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो, पण विमानभाडे आपल्या पिशवीला जड. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली, थायलंडनेही त्याच सुमारास दिली. या सवलती मुदतीच्या असतात आणि बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. या दोन्ही देशांत जाण्यापूर्वी आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. तो विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे.

उरला नेपाळ. शेजारचा म्हणून आपण त्याला परदेश मानायला तयार नसतो. पण सीमा ओलांडली की नाणे, भाषा, घड्याळ सारेच बदलते. व्हिसा नाही. भारतीय एका रुपयाचे नेपाळी १ रुपया ६० पैसे, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर चढला तरी आपले अंदाजपत्रक कोसळत नाही. शिवाय रेल्वेने सीमेपर्यंत जाता येते. विमानाचे भाडे वाचले की निम्मा खर्च वाचला.

कागदपत्रे

येथे पुष्कळांची चूक होते. नेपाळला पासपोर्ट सक्तीचा नाही, हे खरे. भारतीय नागरिकाला मतदार ओळखपत्रही चालते. परंतु १५ ते ६५ वयाच्या व्यक्तीला प्रवासाचा पुरावा म्हणून आधार कार्ड अधिकृतपणे चालत नाही. आमच्या दुकानदाराकडे मतदार कार्ड होते, पण वधू वीस वर्षांची आणि तिचे नाव अजून यादीत आलेले नव्हते. आधारवर काम भागेल, असे सर्वांनी गृहीत धरले होते.

आम्ही दोघांनाही पासपोर्ट काढायला सांगितले. छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये, मुदत दहा वर्षे. विदर्भाचे प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे. २०१७ पासून ठिकठिकाणी टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली, त्यांतील जवळचे केंद्र अर्ज भरताना निवडता येते. दहावी उत्तीर्ण असल्यास प्रमाणपत्र जरूर जोडावे. नाही तर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का येतो आणि पुढे नोकरीसाठी आखाती देशांत जाताना अडचण होते. हाच पासपोर्ट उद्या उमरा-हजसाठीही कामी येतो, म्हणून हा खर्च केवळ मधुचंद्राच्या खात्यावर टाकू नये.

लग्नानंतर पासपोर्टसाठी नाव बदललेच पाहिजे, असा नियम नाही. डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांनंतर अर्जासोबत विवाह प्रमाणपत्रही सक्तीचे राहिले नाही. वधूने माहेरच्या नावाने पासपोर्ट काढला तरी चालतो. पासपोर्टवर जे नाव, तेच तिकिटावर असावे, एवढे सांभाळावे. तरीही निकाहनाम्यावर न थांबता ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद करून घ्यावी. नोंदणीचा राज्याचा कायदा १९९८ चा आहे आणि हा दाखला आयुष्यभर उपयोगी पडतो.

मोसम आणि रस्ता

आपल्याकडे निकाहांची गर्दी रमजाननंतर होते, आणि सध्याच्या वर्षांत ते दिवस उन्हाळ्याचे आहेत. वलीमा झाला की दुसऱ्या दिवशी निघालेच पाहिजे, ही समजूत सोडली तर बरेच पैसे वाचतात. सुट्ट्यांच्या दिवसांत गाड्या भरलेल्या आणि खोल्या महाग असतात. पावसाळ्यात नेपाळमध्ये खोल्या स्वस्त मिळतात, पण तो स्वस्तपणा घेऊ नये. जुलै २०२४ मध्ये नारायणघाट-मुगलिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या आणि पुष्कळ बळी गेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश स्वच्छ असते आणि पोखऱ्याहून अन्नपूर्णेची रांग व ६,९९३ मीटर उंचीचे माच्छापुच्छ्रे शिखर दिसते. योगायोगाने आपल्या दुकानदाराची उधारीही सोयाबीन विकल्यावर त्याच दिवसांत वसूल होते. म्हणून नोव्हेंबर ठरला.

मार्ग असा: बोरी अरबहून यवतमाळ, तेथून एसटीने नागपूर. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, तेवढीच बचत. नागपूरहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत. वार पाहून निघावे. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच खुले होते, तेव्हा त्याच दिवशी तिकीट काढावे. गोरखपूरहून सुमारे शंभर किलोमीटरवर सोनौलीची सीमा. पलीकडे भैरहवा, आणि तेथून पोखरा व काठमांडूच्या बसगाड्या. पोखरा ते काठमांडू अंतर सुमारे दोनशे किलोमीटर असले तरी डोंगरी रस्त्याने अख्खा दिवस धरून चालावे.

साठ हजारांची वाटणी

वहीच्या एका पानावर आम्ही तरतूद मांडली. दोन पासपोर्ट ३,०००. भारतातील जाणे-येणे १०,०००. नेपाळमधील बस व टॅक्सी ६,०००. सात रात्रींचा मुक्काम दीड हजारप्रमाणे १०,५००. आठ दिवसांचे खाणे बाराशेप्रमाणे ९,६००. नौका, प्रवेशशुल्क व फिरणे ५,०००. घरच्यांसाठी भेटवस्तू ५,०००. एकूण ४९,१००. उरलेले १०,९०० अडीअडचणीसाठी, आणि त्यांना सीमा ओलांडेपर्यंत हात लावायचा नाही. हे दर ठरलेले नव्हेत. ही आमची मर्यादा होती, आणि ज्याला जेथे कमी लागेल तेथे त्याने वाचवावे.

अडीअडचणीची रक्कम कोणी फाजील समजू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचे आंदोलन पेटले आणि विमानतळही बंद ठेवावे लागले. अशा वेळी दोन दिवसांचा जादा मुक्काम निघाला तर खिशात पैसे हवेत. रोख रक्कम शंभराच्या नोटांत न्यावी. मोठ्या भारतीय नोटांविषयी नेपाळचे नियम बदलत आले आहेत. मार्च २०२४ पासून तेथील अनेक दुकानांत भारतीय यूपीआयनेही पैसे देता येतात. हलाल जेवणाची चिंता असणाऱ्यांना काठमांडूत रत्नपार्कजवळ, घंटाघराच्या परिसरात जामे मशीद सापडते. तेथे चौकशी करावी.

एजंटाकडे जायचेच असेल तर

सहल कंपनीकडून जाणे चुकीचे नाही. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये आपली कंपनी काढली आणि मराठी मध्यमवर्गाला गटाने परदेश पाहण्याची सवय लावण्यात अशा कंपन्यांचा वाटा मोठा आहे. भाषेची भीती वाटणाऱ्याला त्यांचा आधार होतो. मात्र जीएसटी क्रमांक असलेली पावती, हॉटेलचे नाव आणि सहल रद्द झाल्यास किती पैसे परत मिळणार, हे लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. फसगत झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही.

वहीचे शेवटचे पान

आमचा दुकानदार पंचवीस हजार न भरता घरी गेला. त्याच्या वडिलांना नेपाळही पटत नव्हता. "नागझरीच्या पलीकडे आम्ही गेलो नाही, काय अडले?" असे ते म्हणाले. पण वहीचे पान पाहिल्यावर आणि दुकानाच्या पैशाला हात लागत नाही हे कळल्यावर त्यांनी एकच विचारले, "परत कधी येणार?"

दोघे नोव्हेंबरात गेले. वही सुनेने सांभाळली. येताना भैरहव्याच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली, बस सहा तास अडकली आणि गोरखपूरची गाडी हुकली. नवे तिकीट आणि एका रात्रीची खोली अडीअडचणीच्या पैशातून भागली. त्या दहा हजारांना आधी तो "फुकट पडलेले" म्हणत होता. घरी पोहोचल्यावर एकूण खर्च निघाला ५६,३०० रुपये. ३,७०० शिल्लक.

ती शिल्लक सुनेने पुढच्या भिशीच्या पहिल्या हप्त्यात घातली. खरिपाचा माल वेळेवर भरलेलाच होता, रब्बीचाही भरला गेला. सासरच्या माणसांना फेवा तलावातल्या नौकेचे फोटो दाखवून झाल्यावर तिने सासऱ्यांच्या हातात वही दिली. त्यांनी बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली आणि बरोबर निघाली म्हणून मान हलवली. ज्या घरी यंदा निकाह ठरला आहे, तेथील मुलामुलींनी देशांची चित्रे पाहण्याआधी अशी एक वही घालावी, एवढीच आमची सूचना.