फेब्रुवारीतलं वाचन : राबणाऱ्या माणसांची पुस्तकं

27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापुरतं न थांबता यंदा अख्खा महिना मराठी वाचायचं ठरवलं. निगडी ते चाकण कंपनीच्या बसमध्ये आणि गुरुवारच्या सुट्टीला घरी हे वाचन झालं. कविता, नाटक, कादंबरी, आत्मचरित्र, अभंग असं मुद्दाम वेगवेगळं घेतलं होतं. पण महिनाभर या सगळ्यांत पोटासाठी राबणारा माणूसच भेटत राहिला.

सुरुवात नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने केली. 1966 सालचा हा संग्रह मी 2016 मध्ये पिंपरीत भरलेल्या 89व्या साहित्य संमेलनात घेतला होता. रस्त्यावर सापडलेल्या नारायणला गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढवलं. पुढे गिरणीत राबणं, शाळेत शिपाई होणं, मग शिक्षक होणं, असा त्यांचा प्रवास झाला. त्यांच्या कवितेतला कामगार दयेची अपेक्षा करत नाही. जग कसं चालतं हे त्याला ठाऊक असतं, कारण ते चालवण्यात त्याचा हात असतो. कारखान्याच्या लाइनवर उभं राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

सर्वांत जड गेलं ते जयंत पवारांचं ‘अधांतर’. जानेवारी 1982 मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपानंतर चाळीतल्या एका घराचं काय झालं, ते या नाटकात आहे. काम गेलं की पगाराबरोबर घरातल्या प्रत्येकाचा मान, भावाभावांतलं बोलणं, उद्याची खात्रीही जाते. दर काही महिन्यांनी कामात ब्रेक मिळणाऱ्या आमच्याकडच्या कंत्राटी पोरांचे चेहरे वाचताना सतत समोर येत होते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) पूर्वी वाचली होती, पण या वेळी शेवट वेगळा लागला. माणदेशातली ती वस्ती दुष्काळाने ओस पडते. बीड, लातूर, सोलापूरकडची माणसं आमच्या चिखली-भोसरीत येऊन राहिली आहेत. गाव सोडल्यावर माणूस कुठे जातो, या प्रश्नाचं एक उत्तर इथे राहतं.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी मन मोकळं केलं. शाळेत न गेलेल्या या बाईने संसारातले हाल इतक्या हसऱ्या, खऱ्या मराठीत लिहिले की घरकामाकडेही काम म्हणून पाहावंसं वाटलं.

शेवटी तुकोबांची गाथा, रोज थोडी. तळवडे सोडून बस इंद्रायणी ओलांडते तेव्हा तुकोबांचं गाव देहू जवळच असतं, आणि ते जिथे चिंतनाला बसत तो भामचंद्र डोंगर चाकणच्या कारखान्यांपासून लांब नाही. तुकोबा दुकानदार होते. दुष्काळात त्यांचं दिवाळं निघालं, घरातली माणसं गेली. इतका तोटा सोसलेल्या माणसाचे शब्द म्हणूनच पोकळ वाटत नाहीत.

काम माणसाला शहाणं करतं आणि ते शहाणपण साहित्यात येऊ शकतं, हे या महिन्याने पक्कं केलं. मुंबईच्या गिरणगावाला सुर्वे आणि पवार मिळाले. चाकणच्या तिसऱ्या पाळीवरही तसंच, आतून लिहिलेलं पुस्तक यायला हवं, आणि ते इथल्याच एखाद्या ऑपरेटरने लिहावं. ते येईल तेव्हा वाचायला आपण तयार असायला हवं. त्यासाठी मार्चमध्येही वाचन सुरूच ठेवणार आहे.