चालकाच्या हाती माईक नको

कारंजा लाडहून समृद्धी महामार्गाला लागलेली मोटार ताशी १२० किलोमीटरने धावत असेल, तर ती एका सेकंदात सुमारे ३३ मीटर जाते. माईक उचलून आपला कॉलसाइन सांगायला तीन सेकंद लागले, की शंभर मीटर रस्ता मागे पडला!

मोबाईलवाल्यांना आपण नावे ठेवतो; गाडीत हॅम रेडिओ बसवणारे हौशी लोकही त्यातलेच. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोचवले, ते उपकार मोठेच. पण वायरलेसचा परवाना म्हणजे रस्त्यावरची सूट नव्हे. सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहन चालवताना हातात धरायचे संपर्कसाधन वापरणे आले. पहिल्याच गुन्ह्याला १ ते ५ हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. हॅमसाठी त्यात वेगळा अपवाद नाही.

माईक हातात न धरता बोलले तरी मेंदू मोकळा राहत नाही. खरखरीतून अस्पष्ट आवाज उकलताना डोळे उघडे असूनही समोरची बैलगाडी ध्यानात येत नाही. सोबत परवानाधारक असेल तर सेट त्याच्याकडे द्यावा. एकटे असाल तर सुरक्षित जागी गाडी उभी करून मगच बोलावे.