साठीनंतरचे मेंडोलिन

सेवानिवृत्तीनंतर वेळेचा प्रश्न सुटतो. हातांचा सुटत नाही. महाविद्यालयात वाजविलेले मेंडोलिन चाळीस वर्षांनी पुन्हा हाती घेतले, तेव्हा गाणी सारी आठवत होती, पण बोटे ऐकेनात. दुकान मुलांच्या स्वाधीन केलेल्या आपल्या अनेक वाचकांच्या माळ्यावरही एखादे वाद्य असेल, म्हणून हे लिहितो.

मेंडोलिनला आठ तारा, त्यांच्या चार जोड्या. जोडीतील दोन्ही तारा एकाच स्वरात मिळवाव्या लागतात आणि दोन्ही एकदम दाबाव्या लागतात. बोटांच्या टोकांना पुन्हा घट्टे पडेपर्यंत ती चुरचुरतात, ते सोसावे. सांधा दुखला तर मात्र वाद्य खाली ठेवावे. माझ्या डाव्या करंगळीचा सांधा आखडतो; डॉक्टरांना विचारूनच मी रोज दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे वाजवितो.

या वाद्याचा स्वर छेडताच विरू लागतो. तो लांबवायचा तर तारांवर पिक वरखाली झरझर फिरवावे लागते. मेंडोलिनचे सारे सौंदर्य त्या थरथरीत आहे, आणि उतारवयात मनगट नेमके तिथेच दगा देते. गेलेली गती परत येईल, असा हिशेब मी मांडलेला नाही. मी संथ चाली निवडल्या.

या बाबतीत सज्जाद हुसेन यांचे स्मरण होते. 1917 साली सीतामऊ येथे जन्मलेला हा संगीतकार ‘संगदिल’ (1952) आणि ‘रुस्तम सोहराब’ (1963) यांमुळे ओळखला जातो. चित्रपट मोजकेच केले. पण पडद्यांच्या या वाद्यावर त्यांनी हिंदुस्थानी राग वाजविले. मींड काढणे येथे किती अवघड, हे स्वतः तार ओढून पाहिल्यावरच कळते. आपले लक्ष्मीकांत कुडाळकरही संगीतकार होण्यापूर्वी मेंडोलिनवादकच होते.

जुने वाद्य असेल तर तारा ताणण्यापूर्वी ते कारागिराला दाखवावे. मान वाकलेली असू शकते. आठही तारा नव्या घालाव्यात आणि दोन-तीन दिवसांत हळूहळू स्वरात आणाव्यात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड तडकते, कूलरच्या दमट वाऱ्यात फुगते. दोन्हींपासून ते पेटीत सांभाळावे.

सरावाच्या वेळेचा पेच मात्र घरातच सुटला. पहाटे करंगळी वळत नाही, दुपारी कूलर बंद करता येत नाही. सायंकाळचे जेवण आपल्याकडे लवकर आटोपते, त्यामुळे सातची वेळ मोकळी सापडली. नातवाच्या गृहपाठाची वेळही तीच आहे, आणि तो फारशी तक्रार करीत नाही.