नरकाची मुदत

लहानपणी आमच्या गावच्या वाण्याच्या दुकानात तराजूच्या वर एक जुनी तसबीर टांगलेली असे. मधोमध रेड्यावर बसलेले यमराज, शेजारी चोपडी उघडून बसलेले चित्रगुप्त आणि सभोवार लहान लहान चौकटी. एकीत खोटे बोलणाऱ्याची जीभ उपटताहेत, दुसरीत कुणाला करवतीने कापताहेत, तिसरीत कढत तेलाच्या कढईत माणसे उभी आहेत. माझी नजर त्या कढईवरून हलत नसे. कारण त्याच आठवड्यात मी गलोलीने एक खार मारली होती.

रात्री झोप लागेना. शेवटी आजीला विचारले, "आजी, त्या कढईतून माणसाला कधीच बाहेर काढत नाहीत का?" आजीला अक्षरओळख नव्हती. ती म्हणाली, "अरे, कढई केवढीही असली तरी तेल कधी तरी आटतंच की! भोग सरला की सुटतो माणूस. उद्या खारींना दाणे टाक, आणि झोप आता."

पुढे ग्रंथ चाळू लागलो तेव्हा ध्यानात आले की, आजीने एका वाक्यात निकालात काढलेल्या या प्रश्नावर जगातल्या धर्मपंडितांनी शेकडो वर्षे वाद घातला आहे. पापाला शिक्षा असावी, हे बहुतेक सगळे मान्य करतात. खरा प्रश्न असा की, त्या शिक्षेला मुदत आहे की नाही?

आधी आपल्या घरचे पाहू. ऋग्वेदात यम हा शिक्षा देणारा अधिकारी नाही. तो पितरांचा राजा. मृत्यूची वाट चालून गेलेला तो पहिला माणूस. दुष्टांना खोल अंधाऱ्या खड्ड्यात टाकावे, अशी प्रार्थना तिथे आढळते; पण कढया नाहीत, करवती नाहीत. त्या पुढच्या काळात आल्या. मनुस्मृतीत नरकांची संख्या 21 झाली, भागवताच्या पाचव्या स्कंधात ती 28 पर्यंत गेली. रौरव, कुंभीपाक, असिपत्रवन, वैतरणी ही नावे आपल्या कानांवरची आहेत. कुंभीपाक कोणासाठी? भागवत सांगते, जिवंत पशुपक्षी शिजवणाऱ्यासाठी. म्हणजे जसे कर्म तशी शिक्षा. करावे तसे भरावे.

आता जरा बारकाईने बघा. नरकातले हे सामान आले कुठून? कढई आपल्या स्वयंपाकघरातली, करवत सुताराच्या कामठ्यातली. वैतरणी म्हणजे पुलाअभावी पावसाळ्यात माणसे गिळणारी नदीच. फक्त पाण्याऐवजी तिच्यात रक्त आणि पू. चित्रगुप्त हा तर जुन्या काळच्या कुलकर्ण्यासारखा दप्तर सांभाळणारा. इराणच्या थंड पठारावर वाढलेल्या पारशी धर्मातला नरक पाहा. 'अर्दा विराफ नामा' या पहलवी ग्रंथात थंडी, दुर्गंधी आणि गडद अंधार यांनी तो भरला आहे. इटलीचा कवी दान्ते 1321 साली वारला. त्याने आपल्या महाकाव्यात नरकाची नऊ वर्तुळे रचली, आणि अगदी तळाशी विस्तव नव्हे, बर्फ ठेवला. माणसाला इथे ज्याची भीती वाटते, तेच तो तिथे नेऊन ठेवतो.

ही चित्रे दाखवीत हिंडणारे लोकही आपल्याकडे फार जुने. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त बाजारातला असा एक माणूस वर्णिला आहे. त्याच्या काठीला यमपट लटकलेला आहे, भोवती पोरांचा गराडा पडला आहे आणि तो परलोकाची गोष्ट सांगतो आहे. आमच्या वाण्याची तसबीर त्याच कुळातली.

पण मुदतीचे काय? आपल्याकडच्या बहुतेक विचारधारांत नरक हा तुरुंगासारखा आहे. पाप मोजके, म्हणून भोगही मोजका. हिशेब फिटला की जीव पुन्हा जन्माला येतो. गंमत अशी की, स्वर्गालाही हाच नियम. पुण्य सरले की तिथूनही खाली यावे लागते. बौद्धांच्या अवीची नरकातला काळ कल्पनेत न मावणारा, पण त्यालाही शेवट आहे. पारशी श्रद्धेप्रमाणे काळाच्या अखेरीस सारी सृष्टी शुद्ध होते आणि नरकही उरत नाही. अपवाद सांगायलाच हवा. तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांच्या द्वैतमतात काही जीव मुळातच तामस मानले आहेत, आणि त्यांना अंधतमसातून कधीच सुटका नाही.

ख्रिस्ती धर्मात मात्र मुख्य मत कायमच्या नरकाचे राहिले. तिथे जन्म एकच, म्हणून निकालही एकदाच. तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाच्या विद्वानाने मांडले होते की, शिक्षा ही शुद्धीसाठी असते आणि अखेर सगळे जीव देवाकडे परततील. सहाव्या शतकात हे मत निषिद्ध ठरले. त्याच्याही आधी संत ऑगस्टीनने आपल्या ग्रंथात शाश्वत शिक्षेची बाजू सविस्तर मांडली होती. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने युक्तिवाद केला की, अपराध अनंत अशा देवाविरुद्ध, म्हणून शिक्षाही अनंत. आपल्याला हे कठोर वाटेल. पण त्यामागे एक गंभीर भाव आहे. माणसाची निवड ही पोरखेळ नाही, हे त्यांना सांगायचे होते. 1999 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितले की, नरक हे एखादे ठिकाण समजण्यापेक्षा देवापासून स्वतःहून तुटलेल्या माणसाची अवस्था समजावी. आपल्या गीतेनेही काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन दारे सांगितली आहेत. तिन्ही आपल्याच मनात उघडतात!

मला मात्र या साऱ्यांत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. महाभारताच्या अखेरीस धर्मराजाला नरक दाखवतात. दुर्गंधीने तो मागे वळतो, तोच अंधारातून ओळखीचे आवाज येतात, "थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरं वाटतं." ते त्याचे भाऊ आणि द्रौपदी असतात. तो देवदूताला परत पाठवतो आणि तिथेच राहतो. मार्कंडेय पुराणातला विपश्चित राजा तर याहून पुढे गेला. ओळखपाळख नसलेल्या पाप्यांसाठी तो नरकात थांबला आणि आपले पुण्य देऊन त्याने त्यांना सोडवले. नरक रचणाऱ्यांनीच तो रिकामा करणाराही रचून ठेवला आहे.

हे सारे सांगण्याचे कारण आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात कर्ता पुरुष गेला. दहा दिवस गरुडपुराण वाचले गेले. गोदान झाले नाही तर वैतरणी ओलांडता येणार नाही, असे कुणी तरी त्या बाईच्या मनावर बिंबवले. तिने पाटल्या गहाण टाकल्या. दोन वर्षे व्याज भरता भरता मुलाची शाळा सुटली. विपश्चिताला पाप्यांना सोडवायला एक पैसाही लागला नव्हता, हे तिला तेव्हा कुणी सांगितले नाही. दान वाईट नव्हे. पण भीतीपोटी कर्ज काढून केलेल्या दानाने सुटतो तो सावकार.

गुरुजनहो, तुमच्या वर्गातही एखादे मूल विचारील, "गुरुजी, माझे आजोबा नरकात गेले का?" त्याला कढई दाखवू नका, आणि प्रश्न हसण्यावारीही नेऊ नका. आपल्या हातून कुणाला दुखापत झाली तर ती भरून काढायची असते, एवढे त्याला सांगा. मग त्याला धर्मराजाची गोष्ट सांगा.

दुसऱ्या दिवशी मी खारींना दाणे टाकले होते. मेलेली खार परत आली नाही. पण गलोल मी त्या दिवसापासून हातात धरलेली नाही, आणि ते काही कढईच्या भीतीने नव्हे.