डाव्या खांद्यावरचा वारा

(लेखांक १४)

आज क्लाउझर हा फ्लाय, म्हणजे गळावर बांधायचं केसांचं नकली आमिष, बांधायला शिकवणार होतो. हरणाच्या शेपटीचे केस, शिशाचे डोळे, दोरा, सगळं टेबलावर मांडलंही होतं. तेवढ्यात रत्नागिरीहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आणि सामान परत डब्यात गेलं. ते लिहितात, "डिसेंबरात लोस बारिलेसला पाणी बावीस-तेवीस अंश, आभाळ कोरं, तुम्ही अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, हे सगळं तुम्हीच सांगता. मग चार दिवसांपैकी तीन दिवस तुमची ती पांगा होडी वाळूवर का ओढलेली? आमच्याकडे असा उघडा दिवस मिळाला तर होडी कोणी घरी ठेवत नाही. तुमचा तो नोर्ते म्हणजे आमचा मतलईच ना?"

नाही गुरुजी, मतलई नाही. पण प्रश्न असा नेमका आहे की त्याला दोन ओळींत वाटेला लावणं बरं नव्हे.

मतलई हा घरचा वारा. रात्री जमीन समुद्राआधी निवते, हवा किनाऱ्याकडून पाण्याकडे सरकते, आणि पहाटे शिडाची होडी आयती बाहेर पडते. दुपारी खारा वारा तिला परत आणतो. रोजचं घड्याळ. नोर्तेचं, त्या उत्तरेच्या वाऱ्याचं, माहेर मात्र दीड-दोन हजार किलोमीटर दूर, अमेरिकेतल्या नेवाडा-युटाच्या उंच, कोरड्या खोलगटात आहे. हिवाळ्यात तिथे थंड, जड हवा साचते आणि दाब चढतो. दक्षिणेला, लोस बारिलेस आहे तिथे आखाताच्या तोंडाशी, दाब त्या मानाने कमी. मग ती हवा वाट शोधत निघते आणि तिला वाट मिळते ती त्याच आखाताची, म्हणजे कॉर्तेझच्या समुद्राची.

नकाशा उघडा. पश्चिमेला मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पाचा डोंगरकणा आहे, उत्तरेकडे त्यातलं पिकाचो देल दियाब्लो ३,०९६ मीटर उंच. पूर्वेला मेक्सिकोच्या मुख्य भूमीवरचा सिएरा माद्रे. मधे सुमारे १,१०० किलोमीटर लांब आणि शंभर-दोनशे किलोमीटर रुंद पाण्याचा पट्टा. दोन चाळींमधल्या बोळात वारा कशी शीळ घालतो ते आठवा, फक्त हा बोळ मुंबईहून पार दिल्लीच्या दिशेने निघालेला. एवढ्या लांबीवर वारा पाण्याला ढकलत आला की दक्षिण टोकाशी लाटा आखूड, उभ्या आणि एकमेकींच्या पाठोपाठ येतात. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा हा तिथला हिवाळी नित्यक्रम आहे. वीस-बावीस फुटी उघडी पांगा अशा लाटांत घालणं शक्य असतं, पण माझा पांगावाला घालत नाही, आणि मी त्याला कधी आग्रह केलेला नाही.

गंमत अशी की लोस बारिलेस आणि ला व्हेंतानाला या दिवसांत गर्दी असतेच, ती पतंगवाल्यांची. पायाखाली फळी आणि डोक्यावर पतंग घेऊन पाण्यावर धावणारी ही मंडळी नोव्हेंबर ते मार्च नोर्तेची वाट बघत बसतात. आम्ही नाश्त्याला तोंड पाडून बसलो की समजावं, त्यांचा दिवस चांगला जाणार. एकाच खाणावळीत एकाच हवेवर दोन टेबलांवर दोन चेहरे. दहा-अकराला जमीन तापते, तिथला स्थानिक वारा नोर्तेला येऊन मिळतो आणि पाणी पांढरं होतं. म्हणून आमचा जो काही वेळ असतो तो उजाडल्यापासून नऊपर्यंत.

मी सान दिएगोत राहतो, आणि याचा एक फायदा आहे. नेवाडावरचा तोच दाब आमच्याकडे सांता आना वारा होऊन उतरतो. डोंगरावरून खाली येताना ती हवा तापते, कोरडी होते. ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा चटका बसतो. हा दरवाजाचा चटका बसला की मी पांगावाल्याला फोन करतो. बहुतेक वेळा तो माझ्याआधीच हसतो. हवामानाचे नकाशे मीही बघतो, पण चटक्याने मला नकाशाइतकंच कमी वेळा फसवलं आहे.

तर मग वाऱ्यात मासेमारी होतच नाही का? होते, पण आडोसा शोधावा लागतो. उत्तरेकडे भूशिर आणि त्याच्या पोटात दक्षिणेला उघडणारी खाडी, अशी जागा. शिडाच्या बोटीवाले पिढ्यान्‌पिढ्या अशाच जागी नांगर टाकत आले. एन्सेनादा दे लोस मुएर्तोस त्यातलीच. मुएर्तोस म्हणजे मेलेले. घर-जमिनीच्या जाहिरातीत हे नाव शोभेना, म्हणून तिचं 'स्वप्नांचा उपसागर' झालं. बोटी बांधायला किनाऱ्यात पुरलेल्या नांगरांना 'मेलेली माणसं' म्हणत, त्यावरून जुनं नाव पडलं असं सांगतात. मला जुनंच आवडतं. आणखी दक्षिणेला लोस फ्राइलेसचा आडोसाही उत्तम, पण तिथे काबो पुल्मो राष्ट्रीय उद्यानाची हद्द नीट बघून घ्या. उद्यान १९९५चं. गावकऱ्यांनी स्वतःहून मासेमारी थांबवली आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन चारशे साठ टक्क्यांहून अधिक वाढलं. हद्दीच्या आत गळ टाकायचा नाही. बाहेर टाकताना आतल्यांना मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही.

आता माझ्या डाव्या हाताची कथा. तुम्ही पूर्वेकडे तोंड करून किनाऱ्यावर उभे आहात, म्हणजे उत्तर डावीकडे. वारा डाव्या खांद्यावर. उजव्या हाताने फेकणाऱ्याची दोर वाऱ्याने अंगापासून दूर, उजवीकडे जाते. त्याचं सगळं निभावतं. मी डावखुरा. माझी दोर वाऱ्याबरोबर सरळ माझ्या डोक्यावर. पहिल्या डिसेंबरात, दुसऱ्या सकाळी, तिसऱ्या-चौथ्या फेकीला फ्लाय कानाच्या पाळीत रुतला. गळाचा उलटा काटा मी आदल्या रात्री पक्कडीने दाबून टाकला होता, म्हणून तो जसा गेला तसा निघाला. माझ्या शहाणपणाचे असे प्रसंग मोजकेच आहेत, तेव्हा हा नोंदवून ठेवतो.

फ्लायच्या मासेमारीत वजन गळाला नसतं, दोरीला असतं. जड दोर हवेत मागे उलगडते, मग पुढे उलगडते, आणि शेवटी हलका फ्लाय तिच्यामागून जातो. म्हणजे फेकीचा अर्धा काळ सगळं सामान हवेतच, वाऱ्याच्या हवाली. यावर मला शिकवलेला तोडगा असा: समुद्राला पाठ करून उभं राहायचं, पुढची फेक डोंगराकडे करायची आणि फ्लाय सोडायचा मागच्या फेकीवर, पाण्यात. वारा आता उजव्या खांद्यावर आणि कान सुखरूप. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा गृहस्थ निवडुंगात मासे पकडतोय. एका सकाळी पतंगवाल्या पोरांनी माझ्यासाठी टाळ्याही वाजवल्या. पंधरा मीटर पडला तरी पुरतं, कारण इथला सिएरा मासा त्याहून जवळ असतो.

गुरुजी, इथे तुमचा-माझा समुद्र एक होतो. सिएरा म्हणजे आपल्या सुरमईचा सख्खा चुलतभाऊ, वंश एकच, स्कोम्बेरोमोरस. तोच लांबट, चंदेरी देह. सुरमईला उभ्या पट्ट्या तर याच्या अंगावर सोनेरी ठिपके. तोच दातांचा करवती जबडा. स्पॅनिशमध्ये सिएरा म्हणजे करवतच. नोर्तेने आखात घुसळलं की उन्हाळ्यातलं निळं, काचेसारखं पाणी हिरवट होतं. खालची खतं वर येतात, विशेषतः पलीकडच्या सोनोरा-सिनालोआच्या अंगाला. त्यावर सूक्ष्म वनस्पती, त्यावर तारलीची भावंडं, आणि तारलीमागे सिएरा, अगदी गुडघाभर पाण्यात. उन्हाळ्यात ज्यासाठी लोक इथे वेडे होतात तो कोंबडमासा, पाठीवर सात लांब काट्यांचा तुरा मिरवणारा, त्याचे मोठे नग या दिवसांत क्वचित दिसतात. मला त्याची खंत नाही. वारा पडल्यानंतरची पहिली सकाळ सिएराची असते. पांगावाला अंधारातच पाग टाकून तारली धरतो, मूठभर पाण्यात उधळतो, पेलिकन धपाधप कोसळतात आणि पाण्याला उकळी फुटते.

गेल्या खेपेला अशा सकाळी चाळीस मिनिटांत मी सात फ्लाय गमावले. सिएराने दोर सुरीसारखी कापली. पोलादी तार लावली तर तो फ्लायकडे ढुंकून बघत नाही, नाही लावली तर फ्लाय राहत नाही. लांब दांड्याच्या गळाने थोडं साधतं: माशाचे दात दांड्यावर बसतात, दोरीवर नाही. तीन मासे मिळाले. दोन सोडले, एक पांगावाल्याने तिथेच चिरला, लिंबू पिळलं, कांदा-मिरची टाकली आणि दहा मिनिटांनी समोर ठेवला. सुरमई कच्ची खाणार का, असं कोणी मला मालवणात विचारलं असतं तर मी उठून गेलो असतो.

त्या सात फ्लायपैकी सहा क्लाउझर होते. ते सगळे पुन्हा बांधायचे आहेत, म्हणून पुढच्या आठवड्यात नक्की. अर्थात, आत्ताच दाराच्या मुठीला हात लावला आणि चटका बसला. फोन करून येतो.