रात्रीची लघवी : दोष फक्त वयाचा नाही

रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागते, धार बारीक होते, करून आल्यावरही मोकळे वाटत नाही. साठी ओलांडलेले अनेक पुरुष ‘वयोमानाने होणारच’ म्हणत हा त्रास अंगावर काढतात.

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती प्रोस्टेट ग्रंथी असते. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम असते. वयाबरोबर ती वाढते आणि मूत्रमार्ग आवळते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण लक्षणे सारखी असू शकतात, म्हणून तपासणी हवीच. लघवी तुंबत राहिली तर जंतुसंसर्ग, मूतखडे होऊ शकतात; मूत्रपिंडांनाही इजा पोहोचते.

लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे सोनोग्राफीत कळते. टॅमसुलोसिनसारखी औषधे स्नायू सैल करतात. काही दिवसांतच फरक जाणवतो. मात्र झटकन उठल्यास चक्कर येऊ शकते. ग्रंथी आकसवणाऱ्या फिनास्टेराइडचा पूर्ण गुण यायला सहा महिनेही लागतात. ‘उपयोग नाही’ म्हणून ते मध्येच सोडू नये. औषधे पुरेशी ठरली नाहीत, तर दुर्बिणीतून किंवा लेझरने शस्त्रक्रिया करतात.

सर्दीच्या गोळ्यांबाबत विशेष जपावे. नाक मोकळे करणारी काही औषधे मूत्राशयाचे तोंड आवळतात. त्यामुळे लघवी अचानक बंद होऊ शकते. तसे होऊन ओटीपोट फुगले, दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. नळी घालून मूत्राशय रिकामे करणे, हाच त्यावर तातडीचा उपाय.